राखून ठेवलेला नाच

स्वीडनच्या उत्तरेत, आमच्या नदीकाठी एका गाण्याला नाच म्हणत नाहीत. दोन गाणी मिळून एक नाच होतो. पुरुषाने बाईसमोर येऊन मान तुकवली आणि तिने हात दिला, की दोघं दोन गाणी नाचणार. पहिलं संपलं की तिथेच उभं राहून पावसापाण्याचं बोलायचं, दुसरं संपलं की ‘नाचाबद्दल आभार’ म्हणून त्याने तिला जागेवर नेऊन सोडायचं. पाय तुडवले गेले, समोरच्याच्या तोंडाला कांद्याचा वास आला, तरी दोन म्हणजे दोन. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. हे माहीत नसलेला माणूस आमच्या स्त्रोमनेस गावात जन्मालाच येत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती.

बिंता हेडलुंड स्त्रोमनेसमध्येच जन्मली, आणि सव्वीस वर्षांची होईपर्यंत तिला हे धड माहीत नव्हतं.

त्यात तिचा दोष नाही. तिला नाचायला नेणार कोण? तिची आई इंगा-लिल उन्हाळ्यातल्या प्रत्येक शनिवारी नदीकाठच्या नाचघरात असायची, पण नाचायला नाही. नाचघराच्या कडेला एक लाकडी खोपटं आहे, त्याच्या खिडकीतून ती वाफल, म्हणजे जाळीदार गोड घावन, आणि कॉफी विकायची. वाफलवर दलदलीतल्या पिवळ्या बेरींचा मुरांबा आणि फेटलेली साय. नाचाच्या फळ्या तिच्यापासून तीस पावलांवर, पण इंगा-लिलने त्यांच्यावर पाऊल ठेवलेलं गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही. आमच्याकडे माणसाला त्याच्या दुःखाबद्दल विचारत नाहीत, त्याच्याकडून एक वाफल जास्त घेतात.

दुःख काय ते सगळ्यांना माहीत होतं. बिंताचा बाप लामिन गांबियाचा. तरुणपणी आला, कागदाच्या गिरणीत लगद्याच्या विभागात लागला, इंगा-लिलशी लग्न केलं, आणि बिंता पाच वर्षांची असताना स्वतःच्या बापाच्या मयतीला म्हणून सहा आठवड्यांसाठी गावी गेला. तिकडे गरम असतं म्हणून हिवाळी कोट खुंटीवरच ठेवून गेला. दोन वर्षं पत्रं आली, मग तीही थांबली. बऱ्याच वर्षांनी त्याच्या भावाने कळवलं की लामिन वारला. मधल्या काळात काय झालं, का झालं, हे त्याने लिहिलं नाही आणि इंगा-लिलने विचारलं नाही. कोट खुंटीवरच राहिला.

गावात बिंताचा जाच झाला असं म्हणता येणार नाही. पण बाहेरगावचं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, तू कुठली? ती म्हणायची, स्त्रोमनेसची. तसं नाही, मुळातली? मग ती गंभीर चेहरा करून सांगायची, मुळातली पुलापलीकडची, शाळेमागच्या आळीतली. विचारणारा ओशाळायचा.

गाणं तिच्यात कुठून आलं यावर गावात दोन मतं आहेत. काही म्हणतात बापाकडून, कारण काळ्या माणसाच्या मुलीला गाणं आलं की लोकांना तेवढंच सुचतं. पण लामिन अतिशय बेसूर होता, हे गिरणीतला कुणीही सांगेल. गावच्या संगीत शाळेत बाईंनी तिच्या हाती बासरी दिली होती, पण बिंता सूर वाजवायच्या आधीच गाऊन दाखवायची, म्हणून बाईंनी बासरी काढून घेतली आणि तिला गायनात बसवलं. बाराव्या वर्षी वाचनालयात तिला अमेरिकन सोल गाण्यांच्या तबकड्या सापडल्या. चर्चमध्ये जन्मलेलं आणि नंतर माणसांच्या प्रेमाबिमात अडकलेलं ते गाणं. ग्रंथपालाने तिच्यासाठी शहरातून आणखी मागवल्या. ती त्या कॅसेटवर उतरवून ऐकत ऐकत बर्फातून शाळेत जायची आणि ओठांतल्या ओठांत गायची, कारण उणे वीसमध्ये तोंड मोठं उघडायची सोय नसते.

एकोणिसाव्या वर्षी ती बापाचा कोट अंगावर घालून स्टॉकहोमला गेली. एका रेकॉर्ड कंपनीने तिला घेतलं. त्यांना तिचा आवाज आवडला, बाकी काहीच आवडलं नाही. गाणी इंग्रजीत हवीत म्हणाले. नाव नुसतं बिंता हवं, हेडलुंड नको. फोटोसाठी अंगावर बिबट्याच्या ठिपक्यांचं कापड दिलं. बिबट्या बिंताने आयुष्यात पाहिला नव्हता; तिला फार तर सांबराहून मोठा एल्क ठाऊक होता, तोही गाडीपुढे येतो म्हणून. पण तिचा खरा संताप झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. आमच्याकडे उत्तरेत ‘हो’ म्हणायला शब्द लागत नाही. ओठ आवळून हवा आत ओढायची, चूल पेटताना होतो तसा आवाज होतो, तोच होकार. बिंता गातानाही ओळीच्या शेवटी तशी हवा ओढायची, आणि ध्वनिमुद्रण करणारा तरुण प्रत्येक वेळी ती कापून टाकायचा. म्हणायचा, दम लागल्यासारखं वाटतं. चार वर्षांत एक तबकडी निघाली, कुणी घेतली नाही, आणि पुढे कुणी फोन केला नाही. ती आणखी काही दिवस तिथे कपबश्या धुवत राहिली, मग परत आली. कोट पुन्हा खुंटीवर गेला.

परत आल्यावर ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची देखभाल करायच्या सरकारी कामाला लागली. सकाळी साडेसहाला छोट्या गाडीतून निघायचं, कुणाला औषध द्यायचं, कुणाची पेज शिजवायची, कुणाच्या पायात ते घट्ट रबरी मोजे चढवायचे. तिला ते काम आवडायचं. म्हाताऱ्यांना ती गाऊन दाखवायची आणि ते स्पष्ट मत द्यायचे, जे स्टॉकहोममध्ये कुणी दिलं नव्हतं.

दोन वर्षांनी तागेने तिला विचारलं. तागे नोरबेरी म्हणजे आमच्या भागातला नाचाच्या बँडचा मालक, सॅक्सोफोन वाजवणारा, तोंडाने कमी बोलणारा. त्याची गायिका बाळंतपणासाठी गेली होती. बिंताने होकारार्थी हवा ओढली, आणि पुढच्या शनिवारपासून ती बँडचा निळा कोट घालून पाच पुरुषांच्या मध्ये उभी राहू लागली.

पहिल्या उन्हाळ्यात ती लोकांचीच गाणी गायली आणि शिकली. नाचघरात गायिकेकडे कुणी बघत नाही, हे तिला पहिल्यांदा फार लागलं. लोक तिच्याकडे पाठ करून गोल फिरत राहतात. पहिल्या गाण्यानंतर टाळ्या नाहीत, नुसती शांतता, आणि त्या शांततेत दोनशे माणसं जोडीजोडीने उभी. बिंताला वाटायचं की आपलं गाणं पडलं. तागेने एकदा एवढंच सांगितलं की टाळ्या थांबलेल्या माणसांना लागतात.

त्या हिवाळ्यात तिने स्वतःचं पहिलं गाणं लिहिलं. स्वीडिशमध्ये, बापावर. संथ, खाली खेचणारं, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तो आत ओढलेला श्वास.

सहा आठवडे म्हणालास, कोट खुंटीवर ठेवलास,
सातवा आठवडा लागला, तो अजून संपत नाही.

तागेने बँडच्या बसमध्ये ऐकलं आणि यादीत पेन्सिलीने लिहिलं. उन्हाळ्यात नदीकाठच्या नाचघरात बिंता ते गायली, आणि तिथेच घोटाळा झाला. गाता गाता ती वाहवत गेली. सोल गाणारा माणूस शेवटच्या ओळीवर आला की त्याला ती सोडवत नाही. ती ओळ तिने उलटी केली, सुलटी केली, वर नेली, खाली आणली, आणि तीन मिनिटांचं गाणं सात मिनिटं चाललं. तागेने घड्याळ बघितलं, हे दोन गाण्यांएवढं झालं असा हिशेब केला आणि बँडला विश्रांती दिली. फळ्यांवरच्या दोनशे माणसांना काही कळेना. नाच अर्धाच झाला होता. बायकांना जागेवर न्यायचं की धरून ठेवायचं? शेवटी जो तो खाली मान घालून पांगला.

तेव्हा व्हिओला स्टेजपाशी आली. ती नाचघराच्या समितीवर होती, आणि सगळं गाव जाणून होतं की तिचा एर्नफ्रिदवर डोळा आहे. एर्नफ्रिद सावकाश माणूस, संध्याकाळभर धीर गोळा करून त्याने नेमकं त्याच गाण्याला तिला विचारलं होतं.

“मला अर्धा नाच मिळाला,” व्हिओला बिंताला म्हणाली. “वर्षभर वाट बघितली आणि अर्धा मिळाला. आणि त्यातही तू रडत होतीस.”

बिंताने माफी मागितली. पण तिचं लक्ष व्हिओलाच्या खांद्यावरून पलीकडे होतं. वाफलच्या खोपटाची खिडकी बंद होती. ऐन गर्दीच्या वेळेला आईने झडप ओढून घेतली होती, आणि विश्रांती संपेपर्यंत ती उघडली नाही. घरी दोघीही त्यावर बोलल्या नाहीत.

बसमध्ये तागेने ‘सहा आठवडे’ यादीतून खोडलं. बिंता भांडली. लहान करते म्हणाली, तीन मिनिटांवर एक सेकंद नको. मागे दुसरं कुठलंही संथ गाणं जोड.

“तेच तर जमत नाही,” तागे म्हणाला. “त्या गाण्यामागून दुसरं कुठलंही गाणं लावलं तर मयतीच्या कॉफीला विनोद सांगितल्यासारखं होईल. त्याला त्याच्या घरचाच जोडीदार पाहिजे. तो घेऊन ये, मग गा.”

“आणि नाही सापडला तर?”

“तर ते बिनलग्नाचं राहील. माझाही भाऊ राहिलाय.”

इथून पुढची सहा वर्षं बिंताने जो हट्ट धरला, तो बघून गावातले शहाणे लोक डोकं हलवायचे. तिने अकरा गाणी लिहिली. त्याच चालीची, त्याच ठेक्याची. एक बापाला शिव्या देणारं, एक त्याला माफ करणारं, एक नदीवर, एक चक्क कोटावर. प्रत्येक गाणं बसमध्ये तागेसमोर म्हणायचं, आणि तागेने खिडकीबाहेर बघत नकार द्यायचा. सातव्याला तो म्हणाला, चांगलं आहे, पण ह्या दोघांचा महिन्यात घटस्फोट होईल. नवव्याला बिंता तीन आठवडे त्याच्याशी बोलली नाही. गात होती, बोलत नव्हती.

मधल्या काळात जवळच्या शहरातल्या एका कॅफेने तिला विचारलं होतं, एकटी येऊन तुझं ते गाणं म्हण, लोक शांत बसून ऐकतील. बिंताने नाही सांगितलं. सहकारिणींनी तिला वेड्यात काढलं. पण तिला ते गाणं बसलेल्या माणसांना ऐकवायचं नव्हतं. ते स्त्रोमनेसच्या फळ्यांवर, तिला ओळखणाऱ्या माणसांच्या पायांखाली आणि त्या खिडकीपासून तीस पावलांवर नाचलं जायला हवं होतं. झडप का पडली, हे तिला अजून कळलं नव्हतं.

मग तागेने जाहीर केलं की हा शेवटचा उन्हाळा. सहासष्ट वर्षांचं वय, मनगट दुखतं, बँड मोडायचा. शेवटचा नाच ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, गावातच. बिंताने कॅलेंडर बघितलं. एप्रिल लागला होता.

त्याच महिन्यात तिच्या कामाच्या यादीत हेल्मेर आला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, पूर्वी नाचघराच्या फाटकावर तिकिटं फाडणारा. पाय सुजलेले, डोकं शाबूत. पहिल्याच सकाळी ती त्याच्या पायात मोजे चढवत असताना तो तिच्याकडे वरून बघत म्हणाला, “तू इंगा-लिलची. तिला एकटी उभी असताना मी बघितलंय.”

“कुठे?”

“फळ्यांवर. चौऱ्याहत्तर साली. तुला सांगितलं नाही तिने?” आणि मोज्यात अडकलेली टाच सोडवायला पाय पुढे करून त्याने तिला पेजेत मीठ कमी घालायला सांगितलं. बाकीचं इंगा-लिलला विचार, म्हणाला. मी फक्त तिकिटं फाडायचो.

मे महिन्यात आळीतल्या बायका सामाईक भट्टीघरात वर्षाची पातळ भाकरी भाजतात. हेडलुंड मायलेकींचा वार मंगळवार होता. इंगा-लिल लाटत होती, बिंता लांब काठीवर भाकरी तोलून भट्टीत सोडत होती. पिठाने दोघींच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. बिंताने विचारलं, तू चौऱ्याहत्तर साली फळ्यांवर एकटी का उभी होतीस?

इंगा-लिलचं लाटणं थांबलं नाही. ती पाठमोरीच राहिली, आणि पाठमोरीच बोलली. लामिनला येऊन दोन महिने झाले होते, तो नाचघरात पहिल्यांदाच आला होता. तीसेक मुली भिंतीशी उभ्या होत्या, त्यातून तो सरळ तिच्याकडे आला. पहिलं गाणं असं नाचला की गिरणीतली पोरं बघत राहिली. गाणं संपलं. लामिनने वाकून आभार मानले आणि तो फळ्यांवरून निघून गेला.

“त्याला ठाऊकच नव्हतं,” बिंता म्हणाली.

“मला कुठे ठाऊक होतं, त्याला ठाऊक नाही ते? मला वाटलं, मी एवढी वाईट नाचले. आमच्या वेळी मुलीला मध्येच सोडून जाणं म्हणजे…” इंगा-लिलने पुढची भाकरी फळीवर आपटली. “सगळ्या जोड्या उभ्या. दुसरं गाणं सुरू झालं. एकटी चालत बाहेर गेले असते तर सगळ्यांनी वाट करून दिली असती आणि बघितलं असतं. म्हणून मी हललेच नाही. पूर्ण गाणं तिथेच उभी राहिले. लोक माझ्याभोवती नाचत होते.”

फाटकावर हेल्मेरने लामिनची कॉलर धरली आणि त्याला काय करून आलास ते समजावलं. लामिनचं तोंड पडलं. तो पुढचे तीन शनिवार तिच्यासमोर येऊन मान तुकवत राहिला आणि ती तीन शनिवार नाही म्हणत राहिली. चौथ्या शनिवारी तिने हवा आत ओढली.

“मग तर पुष्कळ नाचलो,” इंगा-लिल म्हणाली. “पण त्या दिवशीचा दुसरा राहिला तो राहिलाच. मी त्याला चिडवायचे, तो माझा कधी देणार? तर म्हणायचा, तो मी राखून ठेवलाय. तो बाकी आहे तोवर तू मला सोडून जायची नाहीस.” आता ती वळली. “जातानाही स्टेशनवर तेच म्हणाला. हसत होता. तुझ्या गाण्यात तो कोट तेवढा टाकून गेलेला माणूस आहे, नाच राखून गेलेला नाही, बिंता. गाणं खोटं नाही. पण मला ते पुरं ऐकवत नाही.”

भट्टीतली भाकरी काळी झाली होती. बिंताने ती बाहेर काढली, मोडली, आणि दोघींनी तशीच लोणी लावून खाल्ली. थोड्या वेळाने इंगा-लिल म्हणाली, “लिहायचं तर लिही. माझं नाव नको.”

बारावं गाणं बिंताने दोन दिवसांत लिहिलं आणि पुढे दोन महिने त्यातले शब्द काढत बसली. ते आईच्या तोंडचं होतं. ठेका तोच, उंची तीच, पण त्यात राग नव्हता. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बसमध्ये तिने ते तागेसमोर म्हटलं. तागे खिडकीबाहेर बघत होता. गाणं संपल्यावरही बघत राहिला. ड्रमवाल्याने विचारलं, काय रे, जमतंय का? तागेने ओठ आवळून हवा आत ओढली. मग खिशातून यादी आणि पेन्सिल काढून बिंताच्या हातात दिली.

“तुझ्या हाताने लिही,” तो म्हणाला. “आणि तीन मिनिटं.”

शेवटच्या शनिवारी सात वाजता सूर्य नदीवर चांगला हातभर होता. आसपासच्या गावांतूनही लोक आले होते, तागेचा निरोप होता ना. व्हिओला आता समितीची अध्यक्ष झाली होती. तिने यादी वाचली आणि ती तडक बिंताकडे आली. ते रडगाणं परत? म्हणाली. आज तरी नको, लोक नाचायला आलेत, फळ्या रिकाम्या झाल्या तर तागेला जन्मभर तेच आठवेल. बिंताला स्वतःलाही नेमकी तीच भीती होती.

“व्हिओला, ह्या वेळी दोन आहेत,” ती म्हणाली. “पहिलं नाही आवडलं तरी तुला दुसऱ्यासाठी थांबावंच लागेल.”

नियम व्हिओलाचाच होता; तिने यादीची घडी करून ती परत दिली.

गाण्यांच्या आठव्या जोडीला बिंताने ‘सहा आठवडे’ सुरू केलं. कुठलं गाणं ते न ओळखताच पंचवीस-तीस जोड्या फळ्यांवर आल्या होत्या. एर्नफ्रिदने व्हिओलाला आणलं होतं. पहिल्या ओळीनंतर ज्यांना ते जुनं गाणं आठवलं त्यांच्या खांद्यांत बिंताला ताठरपणा दिसला. दोन जोड्या कडेकडेने सरकल्या. बिंताने वाहवत जायचं नाही असं ठरवलं होतं आणि ती वाहवली नाही. शेवटची ओळ तिने एकदाच म्हटली. ती म्हणता म्हणताच तिने पाहिलं, खोपटाची झडप खाली आली.

गाणं थांबलं. टाळ्या नाहीत. साठ माणसं जोडीजोडीने उभी, काहींचे हात अजून हातात, काहींची नजर बुटांवर. पूर्वी ह्याच शांततेत तिला आपण पडलो असं वाटायचं. आज तिला दिसलं की कुणीही जात नाहीये. ज्यांना गाणं बोचलं होतं तेही उभे होते. हा नियम सहा वर्षं तिच्या गाण्याला बाहेर ठेवत आला होता आणि आता त्यानेच सगळ्यांना धरून ठेवलं होतं. फक्त जिच्यासाठी हे केलं, तिने झडप ओढून घेतली होती. बिंताने तागेकडे बघून मान हलवली. सॅक्सोफोनचा पहिला सूर निघाला.

तेवढ्यात खोपटाचं बाजूचं दार उघडलं. इंगा-लिल बाहेर आली. अंगात ॲप्रन, मनगटापर्यंत पीठ. नाच मध्यावर असताना फळ्यांवर कुणी येत नाही, एकटं तर कुणीच येत नाही, आणि ती जोड्यांमधून वाट काढत सरळ आली, मधल्या खांबाच्या डाव्या हाताला तीन फळ्या मोजून एका जागी उभी राहिली. पस्तीस वर्षांपूर्वी ती कुठे उभी होती ते तिला बरोब्बर माहीत होतं. लोकांनी वाट करून दिली आणि बघितलं. इंगा-लिलने त्यांना बघू दिलं.

एक नाचून गेलास, एक राखून ठेवलास,
पाय दुखत नाहीत माझे, मी अजून उभी आहे.

बिंताने ओळीच्या शेवटी श्वास आत ओढला, आणि इंगा-लिल नाचू लागली. डावा हात समोर एका उंच माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, उजवा हात कुणीतरी धरल्यासारखा. पावलं बिनचूक. कुणी हसलं नाही. आधी एर्नफ्रिद आणि व्हिओला तिच्याभोवतून नाचत गेले, मग बाकीच्या जोड्या, मग कडेला सरकलेल्या दोन्ही परत आल्या. भिंतीशी उभे असलेले लोकही, नियम धाब्यावर बसवून, मध्येच फळ्यांवर उतरले. बिंताला खूप रडायला येत होतं. पण तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं, म्हणून ती शेवटपर्यंत गायली आणि वेळेवर थांबली.

जोड्या सुटल्या. जो तो आभार मानत आपापल्या बाईला जागेवर नेऊ लागला. व्हिओला स्टेजजवळून जाताना बिंताला म्हणाली, “आज पूर्ण मिळाला,” आणि नाक पुसत पुढे गेली. इंगा-लिल मात्र जागेवर न जाता स्टेजपर्यंत आली. कपाळावर घाम होता, धाप लागली होती. तिने वर बघत पिठाचा हात लेकीकडे केला. बिंताने खाली वाकून तो धरला.

“नाचाबद्दल आभार,” इंगा-लिल म्हणाली.

झडपेसमोर वाफलसाठी रांग लागली होती, म्हणून ती परत गेली. गाण्यांची पुढची जोडी पोल्काची होती.